मानसिंगरावांच्या गाडीतला पिवळा दिवा

निरवांगीत मानसिंगरावांना नावानं हाक मारणारी माणसं थोडीच उरली होती. बाकी सगळ्या गावाला ते फोरमन. सहकारी साखर कारखान्याच्या मिल हाउसमध्ये त्यांनी छत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची सतरा फोरमन म्हणून. एका बाजूला उसाचे कटर, दुसऱ्या बाजूला वाफेवरची टर्बाइनं, मधे रोलर. हंगाम सुरू झाला की पाच-पाच महिने त्या गदारोळात उभं राहायचं. कानात कापसाचा बोळा घालणाऱ्याला तेव्हा लोक हसायचे, आणि मानसिंगराव हसणाऱ्यांत पहिले असायचे. साठीला निवृत्त झाले तोवर डावा कान गेला होता. सत्तरी ओलांडली तसा उजवाही जवळजवळ गेला.

पण कान होते तेव्हा ते कान होते. बेअरिंग तापायच्या आधी त्यांना कळायचं. एकदा ऐन गाळपात त्यांनी हात वर करून अख्खी मिल थांबवली. चीफ इंजिनिअर तणतणत आला. "काय झालंय?" म्हणाला. मानसिंगराव म्हणाले, "आवाज बदललाय साहेब." दुसऱ्या कुणालाच बदल ऐकू आला नव्हता. उघडून बघितलं तर रोलरच्या शाफ्टला केसाएवढी चीर. तासभर मिल चालली असती तर काय झालं असतं, याचा हिशेब मग कुणी मांडत बसलं नाही.

त्या गाडीची गोष्टही त्या काळातलीच. अठ्ठ्याऐंशी साली कारखान्याची नवी मिल बसवायला मुंबईचे एक सल्लागार इंजिनिअर यायचे. त्यांच्याकडे सहासष्ट सालची इंग्लिश एमजी होती. उघडी, दोन माणसांची, बसलं की बूड रस्त्याला टेकतंय असं वाटावं इतकी बुटकी. एका फेरीत तिचं इंजिन जाम झालं आणि ती कारखान्याच्या भंगार शेडमध्ये ढकलून ठेवली गेली. साहेब पुढं मुलीकडं परदेशी गेले आणि तिथून त्यांचं पत्र आलं. त्यात एवढंच होतं, की मानसिंग, ती तू चालू केलीस तर ती तुझी. कागदपत्रं सोबत जोडली होती. मानसिंगरावांना ती चालू करायला नऊ वर्षं लागली. काही भाग पुण्यामुंबईच्या जुन्या बाजारातून आले, काही कारखान्याच्या लेथवर त्यांनी स्वतः काढले. गाडीला त्यांनी गर्द हिरवा रंग दिला, म्हशींच्या गोठ्याशेजारी तिला पत्र्याची शेड बांधली, आणि दर गुरुवारी ठमाबाईंना शेजारी बसवून ते बारामतीच्या बाजाराला जाऊ लागले. ठमाबाई डोक्यावरचा पदर दातात धरून बसायच्या. पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या वर्षी हसायचे थांबले. नंतर कुणाच्या लक्षातही येईना.

या गाडीला ओव्हरड्राइव्ह होता. म्हणजे चौथ्या गिअरच्या वर जणू आणखी एक गिअर. डॅशबोर्डवरचा खटका खाली केला की वीज गिअरबॉक्सच्या मागच्या सोलेनॉइडला, म्हणजे विजेवरच्या चुंबकाला जायची, आत काहीतरी घट्ट धरलं जायचं आणि इंजिनाचे फेरे उतरायचे. गाडी मात्र त्याच वेगानं पळत राहायची. कंपनीनं त्यासाठी दिवा-बिवा काही दिला नव्हता. लागतच नव्हता म्हणा. ओव्हरड्राइव्ह लागला की इंजिनाचा आवाज असा खाली यायचा, जसा भांडून दमलेला माणूस खाली बसतो. कान असलेल्याला आणखी काय सांगायचं?

घोटाळा झाला तो मागच्या मार्गशीर्षात. मानसिंगराव एकटेच बारामतीहून परत येत होते. भवानीनगर सोडल्यावर त्यांनी खटका खाली केला आणि ओव्हरड्राइव्ह लागला असं समजून निवांत बसले. तो लागलाच नव्हता. उघड्या गाडीत वारा एवढा, की कानातलं मशीन नुसतं शिट्ट्या मारायचं, म्हणून ते काढून त्यांनी खिशात ठेवलं होतं. इंजिन किंचाळत होतं आणि फोरमन डाळिंबाच्या बागा बघत चालले होते. लासुर्ण्याच्या स्टँडवर माणसं वळून बघत राहिली. जंक्शन नावाच्या फाट्यावर पोचेतो रेडिएटर उकळला आणि बॉनेटमधून वाफ निघाली, तेव्हा कुठं त्यांना कळलं.

त्यांच्याआधी बातमी घरी पोचली. लासुर्ण्याच्या एका खतविक्रेत्यानं विशालला फोन केला होता, "तुमच्या वडलांची गाडी बोंबलत चाललीय, आन् आबा एकदम खुशीत."

विशाल म्हणजे मानसिंगरावांचा एकुलता मुलगा. डाळिंबाची बाग, दोन एकर ऊस, सगळा कारभार त्याच्याकडं. मुलगा वाईट नव्हता. वडील उघड्या गाडीत बसून, मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्नही न ऐकता चौपदरी रस्त्यानं जातात, याची त्याला धास्ती होती. त्या संध्याकाळी तो वडलांच्या समोर येऊन बसला, ओठ दिसावेत म्हणून तोंड पुढं काढून सावकाश बोलला, "आबा, बास झालं आता. गाडी इकून टाकू."

"का?"

"तुमाला ऐकू येत न्हाय."

"गाडी कानानं चालवत्यात का? रस्ता बघून चालवत्यात." मानसिंगरावांनी खिशातून मशीन काढून टेबलावर ठेवलं. हे त्यांचं बोलणं संपल्याचं चिन्ह होतं, कारण मशीन काढल्यावर समोरच्यानं कितीही ओरडलं तरी उपयोग नसे.

पण आतून ते हलले होते. इंजिन पंधरा-वीस किलोमीटर किंचाळत होतं आणि आपल्याला कळलं नाही, ही गोष्ट त्यांना लोकांच्या हसण्यापेक्षा जास्त लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शेडमध्ये गेले, बॉनेट उघडलं आणि बराच वेळ नुसते उभे राहिले. इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा होता, पण तो बरीच वर्षं एका जागी थरथरण्यापलीकडं काही करत नव्हता, आणि त्याचा भाग कुठं मिळत नव्हता. मग त्यांच्या मनात आलं, की कान गेलेत, डोळे तर आहेत. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं होऊन तीन वर्षं झाली होती आणि आता पेपर बिनचष्म्याचा वाचता येत होता. मग ओव्हरड्राइव्ह लागलाय की नाही, हे डोळ्यांनी का कळू नये? डॅशवर एक दिवा. एवढंच.

त्यांनी पुण्याला मोहनरावांना व्हॉट्सॲप केलं. मोहनरावांचं जुन्या गाड्यांचं गॅरेज होतं. दोन वर्षांपूर्वी गिअरबॉक्स उतरवायचं काम निघालं, तेव्हा मानसिंगरावांचं हर्नियाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. इंजिन काढल्याशिवाय या गाडीचा गिअरबॉक्स निघत नाही, म्हणून नाइलाजानं त्यांनी ते काम मोहनरावांकडं दिलं होतं.

मोहनरावांचं उत्तर लांबलचक आलं. डॅशला भोक पाडायचा विचारही करू नका. गाडी अजून ओरिजिनल आहे, तीच तिची किंमत. कंपनीनं दिवा दिला नव्हता, तर आपण कोण देणार? आणि शेवटी एक वाक्य होतं, ते बहुधा त्यांच्या हातून चुकून गेलं: "रविवारी आम्ही येतोच आहोत, पार्टीला गाडी अशीच दाखवायची आहे."

मानसिंगरावांनी ते वाक्य तीनदा वाचलं. मग फोन घेऊन ते स्वयंपाकघरात गेले आणि ठमाबाईंपुढं धरला. ठमाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी पीठ लागलेले हात तसेच ठेवून वाचलं आणि मान खाली घातली.

"तुला ठावं हुतं?"

ठमाबाईंनी होकारार्थी मान हलवली. मग मोठ्यानं म्हणाल्या, "पोराला भ्या वाटतंय तुमचं. मलाबी वाटतं."

"भ्या वाटतंय तर माझ्याशी बोलायचं. माझ्या माघारी गिऱ्हाईक आणायचं न्हाय."

ते गाडी काढून निघाले तो गुरुवार होता. ठमाबाईंना या वेळी त्यांनी बोलावलं नाही, पण त्या पिशवी घेऊन आल्या आणि शेजारी बसल्या.

बारामतीहून कन्हेरीला जाणाऱ्या रस्त्यावर संजीवनीचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. ती मूळची कऱ्हाटीची. आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला तेव्हा वर्गात ती एकटी मुलगी होती, आणि दुकान टाकलं तेव्हा पहिले सहा महिने लोक येऊन "मिस्त्री कुठं गेलाय?" असं विचारायचे. आता चव्वेचाळीस वर्षांची होती. ट्रॅक्टरचे सेल्फ, उसाच्या ट्रकांचं वायरिंग, हार्वेस्टरच्या बॅटऱ्या, सगळं तिच्याकडं यायचं आणि मिस्त्री कुठंय असं आता कुणी विचारत नव्हतं. मानसिंगरावांची गाडी तिनं रस्त्यावरून जाताना पाहिली होती, जवळून कधी नाही.

मानसिंगरावांनी काम सांगितलं. संजीवनीनं डॅशखाली मान घालून बघितलं आणि बाहेर येऊन, त्यांच्या तोंडासमोर उभी राहून म्हणाली, "सोपं हाय, तात्या. खटक्याच्या वायरीवरनं एक फाटा काढते. खटका खाली केला की दिवा लागल. दहा मिनटं."

"न्हाय."

"का वं?"

"माझ्या बोटानं काय केलं ते मला ठावं हाय. गिअरबॉक्सनं त्याचं ऐकलं का न्हाय, ते मला कळाया पायजे."

संजीवनीनं पुन्हा वाकून गाडीखाली बघितलं. मग म्हणाली, "म्हंजी सोलेनॉइडच्या वायरीवरनं."

"व्हय. तितं वीज पोचली तरच दिवा. न्हाय पोचली तर न्हाय."

"गाडीखाली शिरावं लागंल. आन् वायर पाक मागनं पुढवर आणावी लागंल. अर्धा दिवस जाईल."

"आमी थांबतो," ठमाबाई म्हणाल्या आणि दुकानाच्या बाकावर बसल्या.

गाडी दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेतली. संजीवनीनं आधी डब्यातून एक एलईडी काढला. मानसिंगरावांनी तो हातात घेऊन परत दिला. "ह्या गाडीची बॉडी प्लस हाय," ते म्हणाले. "बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलाय, मायनस न्हाय. जुन्या इंग्लिश गाड्या अशाच. आपल्या नेहमीच्या पद्धतीनं जोडलास तर ह्यो लागायचा न्हाय."

"उलटा जोडते की."

"उद्या कुणी तरी दुसरा मिस्त्री यील आन् सुलटा करील. त्यापरास साधा बल्ब दे. त्याला प्लस-मायनस कळत न्हाय."

संजीवनी पहिल्यांदा हसली. तिनं बारा व्होल्टचा बारीक बल्ब आणि त्याचं होल्डर शोधून काढलं. रंगीत काचा तिच्याकडं चार होत्या. तांबडी डायनॅमोच्या दिव्याला आधीच होती, हिरवी वळायच्या इंडिकेटरला, निळी मोठ्या हेडलाइटला. राहिली पिवळी.

भोक कुठं पाडायचं ते मानसिंगरावांनी ठरवलं. स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला, नजर रस्त्यावरून फार न हलवता दिसेल असं. डॅश पत्र्याचा होता, काळा, खरबरीत रंगाचा. त्यांनी पंच ठेवून हातोडीनं एक टोला दिला. बारीक पांढरा ठिपका पडला. त्या डॅशला साठ वर्षांत कुणी ओरखडा काढला नव्हता, त्यांनी स्वतःही नाही. गाडी दुरुस्त केली त्या नऊ वर्षांत रंग उडू नये म्हणून ते डॅशवर घोंगडीचा तुकडा टाकून काम करायचे.

संजीवनीनं ड्रिल हातात धरलं होतं. "मी पाडू का?" तिनं विचारलं.

"आण हिकडं."

त्यांनी ड्रिल घेतलं. आवाज त्यांना आला नाही, पण मनगटात तो चढला. पत्रा आधी विरोध करतो, मग एकदम सुटतो, ते त्यांच्या हाताला चांगलं माहीत होतं. काळ्या रंगाचा आणि लोखंडाचा बारीक कीस खाली पायांवर पडला. कानशीनं त्यांनी कडा घासली, पिवळी काच बसवून बघितली. चपखल बसली. ठमाबाई बाकावरून उठून आल्या होत्या. त्या भोकाकडं बघून त्या एवढंच म्हणाल्या, "झालं म्हना की आता."

"झालं," मानसिंगराव म्हणाले. "आता ज्याला ओरिजिनल पायजे त्यानं दुसरीकडं बघावं."

दुपार कलली तेव्हा संजीवनी खड्ड्यातून वर आली. केसांत ग्रीस, कपाळावर माती. इंजिन बंद ठेवून तिनं चावी फिरवायला सांगितली. मानसिंगरावांनी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि खटका खाली केला. पिवळा दिवा लागला. त्यांनी खटका वर केला, दिवा गेला. पुन्हा खाली, पुन्हा लागला. चौथ्या गिअरमध्येही लागला. त्यांनी काही बोलायच्या आधी संजीवनीनं त्यांच्या चेहऱ्यावरून काय ते ओळखलं.

मग जुन्या सवयीनं, सगळं तपासल्याशिवाय काम संपलं म्हणायचं नाही म्हणून, त्यांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली.

दिवा तसाच.

पहिल्यात टाकली. तसाच. रिव्हर्सला टाकली, तरी दिवा जळतच होता.

संजीवनीचा चेहरा पडला. "माझंच काई तरी चुकलं," ती म्हणाली आणि पुन्हा खाली उतरायला लागली. मानसिंगरावांनी तिचा दंड धरला.

"तुझं न्हाय चुकलं," ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बदलला होता. "ओव्हरड्राइव्ह फक्त तिसऱ्या-चौथ्यात लागाया पायजे. बाकीच्या गिअरला वीज तोडायला गिअरबॉक्सवर एक बारका स्विच असतोय. रिव्हर्समदी ओव्हरड्राइव्ह लागलेला राहिला तर आतलं सगळं मोडतंय. तो स्विच काम करत न्हाय. बघ तितं."

संजीवनी टॉर्च घेऊन खाली गेली. बराच वेळ काही हालचाल दिसली नाही. मग खड्ड्यातून तिचा हात वर आला. हातात दोन पिवळ्या वायरींचा तुकडा होता. एकमेकींना पीळ देऊन जोडलेल्या, वर काळी टेप. कुणीतरी त्या स्विचला वगळून वायरी थेट जोडून टाकल्या होत्या.

गिअरबॉक्सला शेवटचा हात लागला होता तो मोहनरावांच्या गॅरेजात.

कारणही सापडलं. स्विच बसवताना कुणीतरी त्याखाली दोन फायबर वॉशर घातले होते, एकाच्या जागी. त्यामुळं स्विच वर राहत होता आणि कधीच दाबला जात नव्हता, म्हणजे ओव्हरड्राइव्ह कुठल्याच गिअरमध्ये लागेना. एक वॉशर काढायचा सोडून कुणीतरी पीळ मारून, टेप लावून गाडी परत पाठवली होती. दोन वर्षं मानसिंगराव ती तशीच चालवत होते. त्या दोन वर्षांत गोठ्याशेजारून गाडी मागं घेताना ती मोडली नाही, कारण थांबायच्या आधी खटका वर करायची त्यांना सवय होती. फक्त सवय. एखाद्या दिवशी विसरले असते तर तिथंच संपलं असतं, आणि सगळ्यांनी म्हाताऱ्याच्या कानाला दोष दिला असता.

संजीवनीनं जादा वॉशर काढला, वायरी नीट जोडल्या, टोकं सोल्डर केली. आता दिवा तिसऱ्या-चौथ्यात लागायचा आणि बाकी सगळीकडं विझायचा. खटक्याची तपासणी करताना त्याच्या आतला एक कॉन्टॅक्ट काळा पडलेलाही सापडला. मार्गशीर्षात ओव्हरड्राइव्ह का लागला नव्हता तेही मग कळलं. तो कॉन्टॅक्ट तिनं घासून साफ केला.

"हे मला दे," मानसिंगराव म्हणाले, आणि तो पीळ मारलेला तुकडा आणि वॉशर त्यांनी रुमालात बांधून घेतला.

परतीला ठमाबाई पूर्ण वाट त्या दिव्याकडंच बघत होत्या. लासुर्ण्याच्या अलीकडं दिवा लागला तेव्हा त्यांनी नवऱ्याच्या गुडघ्यावर थाप मारली आणि बोटानं दाखवलं. मानसिंगरावांना तो आधीच दिसला होता.

रविवारी दहाच्या सुमारास मोहनराव आले. सोबत पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ, तीच ती पार्टी. विशालनं ओट्यावर खुर्च्या मांडल्या. मानसिंगराव आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, कानात मशीन घालून बसले होते. विशालला ते शुभ लक्षण वाटलं.

मोहनराव शेडमध्ये गेले आणि लगेच परत आले. "फोरमन, हे काय केलंत तुम्ही?"

"दिवा लावला."

"डॅशला भोक पाडलंत. मी सांगितलं होतं ना. आता ही गाडी ओरिजिनल राहिली नाही."

विशालचा चेहरा पडला. ठमाबाई चहाचं ताट घेऊन आल्या. मानसिंगरावांनी रुमाल सोडला आणि तो टेप लावलेला पीळ आणि वॉशर ताटात, कपांच्या मधे ठेवला.

"तुमचं ओरिजिनल हे हाय का मोहनराव?" ते म्हणाले. "सांगा. मला ऐकू येत न्हाय, पर तोंड बघून कळतं."

मोहनरावांनी तुकडा बोटानं उलटा केला. मग म्हणाले, "ते तात्पुरतं केलं होतं. पोरांनी केलं असेल. सांगायचं राहून गेलं."

"दोन वरसं राहून गेलं. रिव्हर्स टाकताना एक दिस विसरलो असतो तर गिअरबॉक्सचा भुगा झाला असता. तुमी म्हनला असता, म्हातारा बहिरा हाय, त्याला काय कळतंय. दिव्यानं दावलं म्हनून कळलं. आन् तो दिवा लावू नका म्हनून तुमीच सांगितलं हुतं."

पांढऱ्या शर्टातल्या गृहस्थांनी ताटातला तो तुकडा उचलला, उलटसुलट करून बघितला. त्यांची अशीच एक गाडी सध्या मोहनरावांच्याच गॅरेजात उघडून पडली होती, हे नंतर कळलं. त्यांनी चहा घेतला, मग मानसिंगरावांच्या समोर वाकून स्पष्ट विचारलं, "तुम्ही गाडी विकणार आहात का?"

"न्हाय. मी कधीच म्हनलो न्हवतो."

"मग मला एक चक्कर मारून आणाल?"

मानसिंगरावांनी त्यांना निमगावच्या रस्त्यानं चक्कर मारून आणली. परत आल्यावर त्या गृहस्थांनी संजीवनीच्या दुकानाचा पत्ता मागून घेतला आणि मोहनरावांच्या मोटारीत मागच्या सीटवर जाऊन बसले. येताना ते पुढं बसले होते.

मोटार गेल्यावर विशालनं मन मोकळं केलं. "लोकांपुढं मला तोंडघशी पाडलंत आबा," तो म्हणाला. "मी काय पैशासाठी करत हुतो का? उद्या मागनं ट्रक आला, त्यानं हॉर्न दिला आन् तुमी ऐकला न्हाय, तर मी काय करायचं? दिवा काय ट्रक दावनार हाय?"

हे मानसिंगरावांनी नीट ऐकलं. मशीन त्यांनी काढलं नाही.

"ट्रक आरसा दावतो," ते म्हणाले. "दोनी बाजूंना हायेत. डॉक्टरानं तपासून सही केलीया, लायसन हाय. अंधारात मी चालवत न्हाय, चालवनारबी न्हाय. पावसात न्हाय. जे मला जमत न्हाय ते माझ्या आधी कुणाला कळतं? छत्तीस वरसं मी मिल थांबवायचा हुकूम दिला. मी थांबायच्या वक्ताला थांबीन. तो वक्त मी ठरवीन. तू न्हाय आन् मोहनराव तर अजाबात न्हाय."

"आन् चुकलात तर?"

"तर माझं चुकंल. तुझं न्हाय."

विशाल उठून बागेत निघून गेला. तीन आठवडे बाप-लेक एकमेकांशी कामापुरतं बोलले. ठमाबाईंनी मधे पडायचा प्रयत्न केला नाही. मुलाला त्यांनी एकदाच सांगितलं, "तुला भ्या वाटतंय तर बाजूला बसून जात जा. माझ्यासारखं." गुरुवारी मात्र त्या पिशवी घेऊन गाडीत बसायच्या, पदर दातात धरून.

चौथ्या आठवड्यात ठमाबाईंना ताप आला. गुरुवारी मानसिंगराव एकटेच निघाले होते. शेडमधून गाडी बाहेर काढली तर विशाल दारात उभा. तो शेजारच्या सीटवर येऊन बसला. उंच माणूस, गुडघे डॅशला लागले. रस्त्याला लागल्यावर त्यानं आधी सगळा वेळ मागं वळून ट्रकांकडं लक्ष ठेवलं. बापाचे डोळे आरशात जातात, रस्त्यावर येतात, दिव्यावर टेकतात आणि परत आरशात जातात, हे त्याच्या लक्षात यायला जंक्शन उजाडलं. पुढं लासुर्ण्याच्या सरळ रस्त्यावर पिवळा दिवा लागला. विशालला इंजिनाचा आवाज खाली बसलेला ऐकू आला. त्यानं एकदा दिव्याकडं बघितलं, एकदा बापाकडं. मानसिंगराव रस्ता बघत होते.

बारामतीत बाजार झाला, ठमाबाईंची औषधं घेतली, उसाचा रस प्यायला. परत निघताना विशाल गाडीच्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला आणि हात पुढं करून, ओठ दिसतील असं सावकाश म्हणाला, "आबा, जाताना मी चालवतो."

मानसिंगरावांनी चावी मुठीतच ठेवली. "तुला ऐकू येतंय, ते खरं हाय," ते म्हणाले. "पर येताना तू सहा वेळा फोन बघितलास. मी मोजलं. तू बस तिकडं."

विशाल वळसा घालून डाव्या बाजूला गेला आणि बसला. गाडी सुरू झाली तेव्हा त्याचा फोन वाजला. त्यानं तो न बघता खिशात टाकला, आणि मानसिंगरावांना तो वाजल्याचंही कळलं नाही.